छोट्या वाइनरीची मुरलेली रेड वाइन कशी चाखावी

बाटली आडवी ठेवलेली असेल तर ती आत्ताच उभी करा आणि उद्यापर्यंत तिला हात लावू नका. मुरलेल्या रेड वाइनची चाखणी इथून सुरू होते, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी वगळतात. बाटली आणली, उघडली, ओतली. तिसऱ्या-चौथ्या ग्लासात गढूळ, कडसर वाइन उतरली की चेहरा पडतो आणि दोष वाइनच्या माथी जातो.

दहा-बारा वर्षं आडव्या राहिलेल्या बाटलीच्या कुशीला साका बसलेला असतो. द्राक्षाच्या सालीतून आलेली रंगद्रव्यं आणि टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारी द्रव्यं, वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात. हे कण जड झाले की वाइनमध्ये विरघळून राहू शकत नाहीत आणि खाली बसतात. जोडीला टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे बारीक खडेही असतात. यात अपायकारक काही नाही, फक्त दाताखाली कचकच लागते आणि चव कडवट होते. बाटली उभी केल्यावर साका तळाशी उतरायला २४ तास बहुधा पुरतात, फार बारीक असेल तर दोन दिवस द्या. छोट्या वाइनरीच्या बाटलीत तो जास्त सापडतो, कारण बरेच छोटे उत्पादक वाइन न गाळताच बाटलीत भरतात. गाळण्यात वाइनचा भरदारपणाही थोडा निघून जातो, असं त्यांचं म्हणणं असतं. तेव्हा तळाशी साका दिसला म्हणून बाटली बिघडली असं समजू नका.

बाटली उभी आहे तोवर लेबल वाचा

लेबलवरचं साल हे द्राक्षं तोडल्याचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे. म्हणजे पिंपात गेलेला काळही त्या वयात धरलेला आहे. मग द्राक्षाची जात पाहा. काबर्ने सॉव्हिन्याँ, सिरा (ऑस्ट्रेलियात हिलाच शिराझ म्हणतात), नेबिओलो, तन्ना, अल्यानिको या जातींपासून बनणारी वाइन टॅनिननं भरलेली असते आणि वर्षं पेलते. जगात बनणारी बहुतेक वाइन ताजी असतानाच प्यायची असते. ठेवल्यानं सुधारेल अशी वाइन त्या मानानं थोडी, म्हणून नुसतं वय पाहून हुरळून जाऊ नये.

‘रिझर्व्ह’ या शब्दाचं तसंच आहे. स्पेनच्या रिओहा भागात ‘ग्रान रेझेर्वा’ लिहायचं तर वाइन किमान पाच वर्षं मुरवावी लागते, त्यातली किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. इटलीच्या बारोलोला किमान ३८ महिने लागतात, त्यातले १८ लाकडात. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मात्र या शब्दाची व्याख्याच नाही, कुणीही तो लेबलवर छापू शकतो. शब्द बाजूला ठेवा, साल आणि जात बघा.

छोट्या वाइनरीची गोष्ट वेगळी का, हे इथे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पद्धतीचं ओकचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यातून ७५० मिलिलिटरच्या साधारण ३०० बाटल्या निघतात. मोठ्या उत्पादकाकडे अशी शेकडो पिंपं असतात. एखादं उग्र झालं, एखादं फिकं पडलं, तरी सगळी मिसळून दरवर्षी जवळपास तीच चव देता येते. पाच-दहा पिंपं असलेल्या माणसाला ही सोय नाही. त्या वर्षी ऊन जास्त पडलं, तोडणीच्या ऐन वेळी पाऊस आला, एखादं पिंप नवं कोरं होतं, हे सगळं बाटलीत जसंच्या तसं उतरतं. म्हणून अशी वाइन चाखताना ‘काबर्ने अशी लागायला हवी’ हा साचा मनातून काढून टाका. तुमच्यापुढे आहे ती एका वर्षाची, एका जमिनीच्या तुकड्याची वाइन. ती काय सांगते ते आधी ऐका.

तापमान आणि बूच

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला जाड भिंतींच्या थंड घरांच्या काळातला आहे. दमदार रेडला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतात. खोली २६-२८ अंशांवर असेल तर बाटली उभीच फ्रिजमध्ये तास-दीड तास ठेवा. वाइन गरम असली की अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकीचे वास त्याच्या आड जातात. फार गार झाली तर वास मिटून जातो आणि तुरटपणा टोकदार होतो. चूक व्हायचीच असेल तर गारच्या बाजूला होऊ द्या. ग्लास तळहातात धरला की वाइन हळूहळू उबदार होते.

जुनं बूच ठिसूळ असतं. वरचं आवरण काठाच्या खाली कापा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा. बुचाच्या डोक्यावर थोडी काळसर बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बाहेरच्या ओलाव्याची असते. स्क्रू अगदी मध्यावर लावा, शेवटपर्यंत फिरवा आणि सावकाश ओढा. वीस वर्षांहून जुन्या बाटलीला दोन पात्यांचा चिमटा जास्त बरा, तो बुचाच्या दोन्ही कडांनी आत सरकतो आणि बूच अख्खं वर येतं. तुकडा तुटून आत पडलाच तर वाइन बारीक जाळीच्या गाळणीतून ओता, चवीला धक्का लागत नाही. निघालेलं बूच मात्र निरखून पाहा. वाइनचा डाग एका बाजूनं थेट वरपर्यंत चढलेला असेल तर तिथून हवा आत गेली असण्याची शक्यता आहे. ते लक्षात ठेवा, पण निकाल बुचावरून देऊ नका.

आधी एक घोट, मग डिकँटर

डिकँटर म्हणजे वाइन ओतून तिला हवा द्यायचं, रुंद पोटाचं काचेचं भांडं. त्यात ओतण्यापूर्वी दोन चमचे वाइन ग्लासात घ्या, हुंगा आणि चाखा. ही पायरी मी कधीच सोडत नाही. हवा द्यायची की नाही हे ती वाइनच सांगते. तोंड कोरडं पडतंय, वास दबलेला आहे, फळ कुठे लपलंय कळत नाही, असं असेल तर डिकँटरमध्ये तासभर ठेवा. वास आधीच मोकळा आहे, नाजूक आहे, सुकलेल्या पानांसारखा किंवा जुन्या लाकडी कपाटासारखा येतोय, तर तिला हवेत जास्त वेळ ठेवणं धोक्याचं. अशी वाइन अर्ध्या तासातही विझते.

बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमील पेनो (१९१२–२००४) यांचं मत होतं की डिकँटिंग फक्त साका असेल तरच करावं, आणि तेही वाढण्याच्या अगदी आधी. सात-आठ वर्षांच्या तन्नाला किंवा सिराला मी हा नियम लावत नाही, कारण तिला हवेची गरज असते हे पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. पंधरा वर्षांपुढच्या बाटलीसाठी मात्र पेनोंचंच ऐकते.

ओतायची पद्धत सोपी आहे, फक्त हात स्थिर हवा. बाटलीच्या मानेखाली टॉर्च किंवा मेणबत्ती ठेवा. मधे न थांबता, बारीक धारेनं ओतत जा. बाटली मधेच उभी केली की साका उसळतो आणि आदल्या दिवसाचं निवळणं वाया जातं. मानेत धुरासारखी गढूळ रेघ येताना दिसली की थांबा. तळाशी अर्धा ग्लास वाइन राहील, तिचा मोह सोडा.

ग्लास पारदर्शक, पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता असला की झालं. एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. चाखायला ५० मिलिलिटर पुरे.

डोळे

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मध्यापेक्षा कडेकडे पाहा. तरुण रेडची कड जांभळट असते. वय वाढतं तसा तो जांभळेपणा जातो, आधी माणकासारखा लाल, मग विटकरी, शेवटी तपकिरी. दहा वर्षांच्या वाइनची कड अजून जांभळट असेल तर तिच्यात पुष्कळ आयुष्य बाकी आहे. पाच वर्षांतच तपकिरी झाली असेल तर ती कुठेतरी गरम जागी राहिली असावी.

काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांना बरेच जण उत्तम वाइनची खूण मानतात. ते थेंब अल्कोहोल लवकर उडून गेल्यामुळे पृष्ठताणात पडणाऱ्या फरकातून तयार होतात, हे शास्त्रज्ञ जेम्स थॉमसननं १८५५ मध्येच समजावून सांगितलं होतं. त्यांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. डोळ्यांवर फार वेळ घालवू नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या प्रयोगात ५४ जणांना वास नसलेला लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, आणि तिचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. वाइनचं शिक्षण घेणाऱ्यांची ही गत, तर नवख्यानं डोळे मिटून हुंगलेलं बरं.

नाक

ग्लास हलवू नका. तसाच नाकाशी न्या आणि एकच छोटा श्वास घ्या. सगळ्यात हलके वास आधी भेटतात आणि ग्लास फिरवला की उडून जातात. मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दर दोन-तीन श्वासांनी थांबा, नाक थकतं. थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ताजंतवानं होतं. त्या दिवशी अत्तर लावू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

वास साधारण तीन थरांत शोधता येतात. पहिला फळाचा: ब्लॅकबेरी, प्लम, चेरी. सिरात काळी मिरीही येते. तिच्यामागचं रोटंडोन हे द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधलं, आणि त्यांच्या चाचणीत सुमारे एक पंचमांश लोकांना ते भरपूर असूनही जाणवलं नव्हतं. शेजाऱ्याला मिरी लागली आणि तुम्हाला नाही, तर तुमचं नाक खोटं ठरत नाही. दुसरा थर आंबवण्याचा आणि लाकडाचा: व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी, धूर. तिसरा थर फक्त काळच देतो: कातडं, तंबाखू, ओली माती, अळंबी, सुकं अंजीर, कुजत आलेला पालापाचोळा. मुरलेली वाइन घ्यायची ती या तिसऱ्या थरासाठी. पण फळ पूर्ण संपून फक्त हाच थर उरला असेल तर वाइन उताराला लागली आहे. तिन्ही एकमेकांत मिसळलेले, कुणीच कुणाला झाकत नाही, असा क्षण सापडला तर ग्लास खाली ठेवून थोडं थांबा, तो पुन्हा पुन्हा येत नाही.

शब्दांची भीती बाळगू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं चक्र तयार केलं, तेच मुळी ‘छान’, ‘भारी’ असे मोघम शब्द टाळून ओळखीच्या वस्तूंची नावं घेता यावीत म्हणून. तुमच्या ओळखीच्या वस्तूही तितक्याच खऱ्या. मातकट, खमंग, उग्र, कुबट, धुरकट हे शब्द आपल्या जिभेवर आहेतच, ते बिनधास्त वापरा.

तोंड

घोट लहान घ्या आणि लगेच गिळू नका. चूळ भरताना पाणी फिरवतो तशी वाइन हिरड्यांपर्यंत, जिभेखाली, गालांच्या आत फिरवा. मग ओठ जरा उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. घशामागून वास नाकाकडे चढतो आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं तिथेच कळतं.

आता एकेक गोष्ट वेगळी करून पाहा. आम्ल: घोट गेल्यावर गालांतून लाळ सुटते का? जितकी सुटते तितकं आम्ल जिवंत. अल्कोहोल: घशात ऊब जाणवते की जळजळ? भरदारपणा: तोंडात पाण्यासारखी पातळ वाटते की सायीच्या दुधासारखी? आणि चौथी गोष्ट टॅनिन. दमदार रेडचा कणा हाच, म्हणून इथे जरा रेंगाळा.

टॅनिन ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, हिरड्या कोरड्या, ओढल्यासारख्या वाटतात. मराठीत याला ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे, त्यामुळे आपलं निम्मं काम झालेलं आहे. फरक कळावा म्हणून आदल्या दिवशी काळा चहा दहा मिनिटं उकळून बिनसाखरेचा एक घोट घ्या. तो आहे कच्चा, ओरबाडणारा तुरटपणा. मुरलेल्या वाइनमध्ये तोच तुरटपणा मखमलीसारखा हवा: पकडतो, पण ओरखडा काढत नाही. तो कुठे लागतो तेही पाहा. हिरड्यांवर रवाळ, कोरडा लागत असेल तर बहुधा लाकडाचा किंवा बियांचा. जिभेच्या मध्यावर गोलसर बसत असेल तर सालीचा, पिकलेला. ही फोड शास्त्राच्या काटेकोर नियमासारखी घेऊ नका. चाखणाऱ्यांनी अनुभवातून बांधलेला अंदाज आहे, पण उपयोगी पडतो.

पहिल्या फेरीत सोबत काही खाऊ नका. चीज किंवा मांसातली प्रथिनं आणि स्निग्धता टॅनिनला शांत करतात, मग वाइन असते त्याहून मऊ भासते. दुसऱ्या फेरीत खुशाल खा आणि फरक बघा.

घोट गेल्यावर मनात सेकंद मोजा. जळजळ किंवा आंबटपणा सोडून, चव किती वेळ रेंगाळते? पाच सेकंदांत पुसली गेली तर साधी. वीस-तीस सेकंदांनंतरही काही उरत असेल, तर उत्पादकानं मेहनत घेतली आहे. एकाहून अधिक वाइन चाखणार असाल तर थुंकायला एक भांडं ठेवा. व्यावसायिक चाखणारे तसंच करतात, आणि तिसऱ्या वाइनला तुमची जीभ शुद्धीवर असते. थुंकलं तरी थोडं अल्कोहोल पोटात जातंच, गाडी चालवायची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या.

दोष की स्वभाव?

छोट्या वाइनरीच्या बाटलीपुढे नवखा माणूस इथेच अडतो, आणि इथेच अन्याय होतो.

कुबट वास, ओला पुठ्ठा, बंद तळघर: हा बुचाचा दोष. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं टीसीए हे द्रव्य ओळखलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी ते फळाचा वास मारून टाकतं. हवेनं ते जात नाही, उलट बळावतं. अशी बाटली परत करावी, संकोच नको. यात उत्पादकाच्या मेहनतीची खोट नसते, एका बुचाचं दुर्दैव असतं.

कुजक्या अंड्याचा किंवा पेटवलेल्या काडीचा वास: वाइन बराच काळ हवेशिवाय राहिली, एवढंच. हा बहुधा हवेनं उडून जातो. मी अशीच एक बाटली दहा मिनिटांत बाजूला सारली होती. दोन तासांनी सोबतच्या मैत्रिणीनं तोच ग्लास पुढे केला, आणि त्यात चेरी, कातडं, सुकं गुलाबपान असं सगळं उमललं होतं. त्या वाइनवर मी अन्याय केला होता. तेव्हापासून या वासाला एक तास दिल्याशिवाय मी मत देत नाही.

गोठा, घोड्याचा खोगीर, जखमेची पट्टी: ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टचं काम. हलका असेल तर वाइनला खोली येते असं काहींना वाटतं, दाट असेल तर फळ गिळून टाकतो. इथे तुमची आवड हाच निकाल. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास नाकात टोचत असेल तर मात्र दोषच. आणि फोडी करून ठेवलेल्या सफरचंदासारखा मंद, थकलेला वास, सोबत तपकिरी रंग: हवा लागून गेलेली बाटली.

ग्लास संपवू नका

पहिला ग्लास पाऊण-एक तास पुरवा. पंधरा-पंधरा मिनिटांनी एक घोट, आणि प्रत्येक वेळी दोनच ओळी लिहा. सोबत्यांशी बोलण्याआधी लिहा, एकानं ‘तंबाखू’ म्हटलं की सगळ्यांना तंबाखू येऊ लागतो. साल, जात, तापमान, उघडल्याची वेळ वर टाका. तासाभरात वाइन वर चढते, काही वेळ तिथे टिकते आणि मग उतरू लागते. कुठल्या मिनिटाला ती सर्वांत छान होती, हे तुमच्या वहीतून कळेल.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. सात-आठ वर्षांची दमदार वाइन दुसऱ्या दिवशीही चांगली लागते, क्वचित जास्तच. वीस वर्षांची त्याच संध्याकाळी संपवा.

त्याच वर्षाची दुसरी बाटली जवळ असेल तर वही समोर घ्या. टॅनिन अजून करकचून पकडत होतं आणि त्यामागे फळ भरपूर होतं, तर ती अंधारात, १२-१४ अंशांच्या आसपास, आडवी ठेवून द्या आणि दोन-तीन वर्षांनी उघडा. टॅनिन होतं पण फळ ओसरलेलं होतं, तर वाट पाहून फायदा नाही, कारण फळ परत येत नाही. ती या महिन्यातच उघडा, आणि आदल्या दिवशी उभी करायला विसरू नका.